विश्लेषण : अध्यक्षाला हटवाच, असा हट्ट मतदारांनी धरावा का? एका मताने वाचलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांची कहाणी

अमेरिकेत अध्यक्षांविषयीची नाराजी टिपेला पोहोचली, की महाभियोगाची मागणी होतेच. सह्यांच्या मोहिमा निघतात, लोकप्रतिनिधींकडे पत्रांचा आणि दूरध्वनींचा मारा सुरू होतो. पण मतदारांनी मागणी केली म्हणून अध्यक्ष जातो का? आणि मुळात जावा का? या प्रश्नाची पहिली खरी कसोटी १८६८ मध्ये लागली. त्या वेळी व्हाइट हाऊसमध्ये होते १७वे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन. शाळेची पायरीही न चढलेला हा शिंपी मतदारांच्या बळावर गावच्या नगरपालिकेपासून सिनेटपर्यंत पोहोचला. मात्र अध्यक्ष म्हणून त्यांना कोणीही निवडलेले नव्हते. त्यांच्यावरील खटल्याचे मर्म या विरोधाभासात दडलेले आहे.

शिंप्याच्या दुकानापासून सिनेटपर्यंत...

जॉन्सन यांचा जन्म २९ डिसेंबर १८०८ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील रॅली येथे झाला. वडील एका खाणावळीत पडेल ते काम करीत. बुडणाऱ्या माणसांना वाचवण्यासाठी ते थंड पाण्यात उतरले, त्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि अँड्र्यू तीन वर्षांचे असताना ते गेले. आईने विणकाम करून आणि लोकांचे कपडे धुऊन घर चालवले. शाळेचा प्रश्नच नव्हता. कोवळ्या वयातच अँड्र्यू यांना जेम्स सेल्बी नावाच्या शिंप्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. एकविसाव्या वर्षापर्यंत बांधून घेणारा तो करार होता. पंधराव्या वर्षी हा मुलगा भावासह पळाला आणि त्यांना पकडून आणणाऱ्यास दहा डॉलरचे इनाम देण्याची जाहिरात मालकाने वर्तमानपत्रात दिली. (उमेदवारी या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ जॉन्सन यांच्या आयुष्याला लागू पडतात. पहिली त्यांनी अर्धवट सोडली. दुसरी मरेपर्यंत सोडली नाही.)

१८२६ मध्ये ते डोंगराळ पूर्व टेनेसीतील ग्रीनव्हिल गावी आले. पुढच्याच वर्षी एलायझा मॅकार्डल यांच्याशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा वर अठरा वर्षांचा आणि वधू सोळा वर्षांची होती. एलायझा शिकलेल्या होत्या. लिहिणे आणि हिशेब त्यांनीच नवऱ्याला शिकवला. दुकानात कपडे शिवताना कोणी तरी भाषणे वाचून दाखवायचे आणि जॉन्सन ती ऐकत टाके घालायचे. दुकान चालले आणि दुकानातल्या राजकीय गप्पाही चालल्या. १८२९ मध्ये ते नगरसेवक झाले. त्यानंतर महापौर, राज्य विधिमंडळाचे सदस्य, १८४३ पासून दहा वर्षे वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाचे सदस्य, मग टेनेसीचे गव्हर्नर आणि १८५७ मध्ये सिनेटर. इतक्या पायऱ्या एकेक करून चढलेले अध्यक्ष अमेरिकेच्या इतिहासात फारसे नाहीत.

त्यांचे राजकारण होते गरीब गोऱ्या कष्टकऱ्यांचे. मोठ्या जमीनदारांचा, कापसाच्या मळेवाल्यांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. भूमिहीनांना सरकारी जमिनीतून १६० एकर द्यावेत, असे विधेयक त्यांनी १८४६ पासून लावून धरले. तसा कायदा १८६२ मध्ये झाला. मात्र ही समतेची दृष्टी कातडीच्या रंगापाशी थांबत होती. जॉन्सन यांच्या स्वतःच्या घरी गुलाम होते. त्यांना मळेवाल्यांची मिरास सलत होती. त्या मिराशीखाली दबलेल्या कृष्णवर्णीयांबद्दल तसे काही वाटत नव्हते. पुढे जे घडले त्याची चूड इथेच लागली होती.

मग ते अध्यक्ष झाले कसे?

१८६१ मध्ये दक्षिणेतील राज्ये एकामागून एक फुटून निघाली. त्यांचे सिनेटर राजीनामे देऊन घरी गेले. जॉन्सन एकटेच आपल्या जागेवर बसून राहिले. राज्य फुटले तरी सिनेट न सोडणारे दक्षिणेतले ते एकमेव सिनेटर. त्याची किंमतही त्यांनी मोजली. घरी परतताना व्हर्जिनियात संतप्त जमाव त्यांच्या रेल्वेच्या डब्यात शिरला होता. उत्तरेत मात्र ते वीरपुरुष ठरले. लिंकन यांनी १८६२ मध्ये त्यांना टेनेसीचे लष्करी गव्हर्नर नेमले. १८६४ च्या निवडणुकीत लिंकन यांना सर्वपक्षीय चेहरा हवा होता. त्यामुळे उपाध्यक्षपदासाठी हॅनिबल हॅम्लिन यांना बाजूला करून दक्षिणेतील, डेमोक्रॅट आणि तरीही संघराज्यनिष्ठ अशा जॉन्सन यांना तिकीट मिळाले. त्याच ऑक्टोबरमध्ये नॅशव्हिलमधील कृष्णवर्णीयांच्या सभेत त्यांनी आपण तुमचे मोझेस होऊ, असे वचन दिले होते. बायबलमधील मोझेस आपल्या लोकांना गुलामगिरीतून बाहेर काढतो, हे त्या श्रोत्यांना वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

४ मार्च १८६५ रोजी शपथविधीच्या दिवशी आजारी जॉन्सन यांनी अंगात बळ यावे म्हणून व्हिस्की घेतली आणि भर सिनेटमध्ये बरळले. सहाच आठवड्यांनी, १५ एप्रिलच्या सकाळी लिंकन यांचे निधन झाले. मारेकऱ्यांच्या कटात जॉन्सन यांचाही नंबर होता. पण त्यांच्यासाठी नेमलेल्या माणसाला ऐनवेळी धीर झाला नाही. सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी त्यांना हॉटेलातच अध्यक्षपदाची शपथ दिली. तीन वर्षांनी हेच चेस त्यांच्यावरील खटल्यात अध्यक्षस्थानी बसणार होते.

लोक इतके का भडकले?

युद्ध संपले होते. सुमारे ४० लाख माणसे गुलामगिरीतून मोकळी झाली होती. पण मोकळी म्हणजे नेमकी काय? त्यांना जमीन, मजुरी, न्यायालयात साक्ष देण्याचा हक्क, मत यांपैकी काय मिळणार? दक्षिणेची पुनर्रचना कशी करायची, हा त्या काळचा सर्वांत मोठा प्रश्न होता आणि काँग्रेसचे अधिवेशन डिसेंबरपर्यंत नव्हते. जॉन्सन यांनी ते आठ महिने आपल्या मर्जीप्रमाणे वापरले.

२९ मे १८६५ रोजी त्यांनी बंडखोरांसाठी माफीचा जाहीरनामा काढला. बड्या मळेवाल्यांनी आणि बंडखोर नेत्यांनी स्वतंत्र अर्ज करायचे होते. ज्यांचा आयुष्यभर राग केला, तेच सरदार आता अर्ज घेऊन या शिंप्याच्या दारात रांग लावू लागले आणि त्याने हजारोंनी माफ्या वाटल्या. माफीबरोबर जमिनीही परत गेल्या. जनरल शर्मन यांच्या जानेवारी १८६५ च्या आदेशाने साउथ कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवर सुमारे ४० हजार मुक्त कृष्णवर्णीय स्वतःची शेती करू लागले होते. त्यांतील बहुतेकांना जॉन्सन यांच्या आदेशामुळे ती सोडावी लागली. गोऱ्या भूमिहीनांच्या १६० एकरांसाठी वर्षानुवर्षे झगडलेल्या माणसाने हे केले. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा अन्याय कोणता, असे विचारले तर बोट इथे ठेवावे लागते. महाभियोगाच्या आरोपपत्रात मात्र याचा उल्लेखही नव्हता.

दक्षिणेत नवी राज्य सरकारे आली. त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कायदे केले. वर्षभराचा मजुरीचा करार न दाखवणाऱ्याला भटका ठरवून दंड करायचा, दंड भरता आला नाही तर त्याला कामाला जुंपायचे, असा त्यांचा थाट होता. बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष राहिलेले अलेक्झांडर स्टीफन्स यांना जॉर्जियाने सिनेटर म्हणून पाठवले, तेव्हा उत्तरेतील माणसाला आपण युद्ध जिंकलो की हरलो असा प्रश्न पडला. काँग्रेसने या मंडळींना सभागृहात बसूच दिले नाही.

१८६६ च्या सुरुवातीला काँग्रेसने मुक्त गुलामांच्या मदतीचे खाते पुढे चालू ठेवण्याचे विधेयक आणि नागरी हक्कांचे विधेयक मंजूर केले. जॉन्सन यांनी दोन्हींवर नकाराधिकार वापरला. फेब्रुवारीत फ्रेडरिक डग्लस यांच्यासह कृष्णवर्णीय नेत्यांचे शिष्टमंडळ मतदानाचा हक्क मागायला व्हाइट हाऊसमध्ये गेले, तर अध्यक्षांनी त्यांनाच लांबलचक व्याख्यान ऐकवले आणि रिकाम्या हाताने परत पाठवले. नागरी हक्कांच्या विधेयकावरील नकाराधिकार काँग्रेसने एप्रिलमध्ये दोन तृतीयांश मतांनी मोडून काढला. एखाद्या मोठ्या कायद्याबाबत असे पहिल्यांदाच घडत होते. मे महिन्यात मेम्फिसमध्ये गोऱ्या जमावाने आणि पोलिसांनी ४६ कृष्णवर्णीयांना ठार केले. जुलैअखेर न्यू ऑर्लिन्समध्ये तसेच हत्याकांड घडले. त्या बातम्या उत्तरेतल्या घराघरांत पोहोचल्या.

१८६६ मध्ये मतदारांनी काय सांगितले?

जॉन्सन यांचा मतदारांवर अपार भरवसा होता. आयुष्यभर ते फळीवर उभे राहून, टोमण्याला टोमणा देत निवडणुका जिंकत आले होते. त्यामुळे प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीआधी, ऑगस्टच्या अखेरीस, ते थेट लोकांना भेटायला निघाले. जनरल ग्रँट, अ‍ॅडमिरल फॅरागट, परराष्ट्रमंत्री सुअर्ड असा लवाजमा सोबत होता. न्यूयॉर्कपासून शिकागो आणि सेंट लुईसपर्यंत आणि परत, असा अठरा-एकोणीस दिवसांचा हा दौरा होता. अध्यक्षाने अशा प्रचारी सभा घ्यायच्या नसतात, असा तेव्हाचा संकेत होता. पहिल्या काही ठिकाणी ठीक गेले. क्लीव्हलंडमध्ये गर्दीतून कोणी तरी डिवचले आणि अध्यक्ष गर्दीशीच भांडायला उभे राहिले. सेंट लुईसमध्ये त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या हत्याकांडाचे खापर काँग्रेसवर फोडले. ग्रीनव्हिलच्या चावडीवर जे खपून जायचे ते आता तारायंत्रामुळे दुसऱ्या दिवशी देशभर छापून येत होते. लोकांना त्यात अध्यक्ष दिसला नाही, भांडखोर गावपुढारी दिसला.

निकाल स्पष्ट लागला. जॉन्सनविरोधी रिपब्लिकनांना दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांशांहून अधिक जागा मिळाल्या. मतदारांनी अध्यक्षांचे धोरण नाकारले, याविषयी शंका उरली नाही. पण अध्यक्षांना हटवा, असे त्यांनी म्हटले होते का? मतपत्रिकेवर तो प्रश्न नव्हता. ओहायोचे प्रतिनिधी जेम्स अ‍ॅशली यांनी त्याचा अर्थ तसाच लावला आणि ७ जानेवारी १८६७ रोजी महाभियोगाच्या चौकशीचा ठराव मांडला. बाकीच्यांनी वेगळी वाट धरली. अध्यक्ष राहू दे, त्याचे हात बांधू. मार्च १८६७ मध्ये पुनर्रचनेचे कायदे नकाराधिकार मोडून मंजूर झाले. दक्षिणेत लष्कराच्या देखरेखीखाली कृष्णवर्णीय पुरुषांची मतदारनोंदणी सुरू झाली. त्याच दिवशी आणखी एक कायदा झाला. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या संमतीशिवाय काढता येणार नाही, असा. रोख होता युद्धमंत्री एडविन स्टँटन यांच्याकडे. लष्कर त्यांच्या हाताखाली होते आणि ते काँग्रेसच्या बाजूचे होते.

वर्षभरात वारे फिरले?

फिरले, आणि मतदारांच्या मागणीवर विसंबणाऱ्यांनी हा भाग विसरू नये. १८६७ च्या शरद ऋतूत काही राज्यांत निवडणुका झाल्या. ओहायोच्या मतदारांनी आपल्या राज्यात कृष्णवर्णीयांना मताधिकार देण्याचा प्रस्ताव फेटाळला आणि विधिमंडळ डेमोक्रॅटांच्या हाती दिले. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियातही रिपब्लिकनांना फटका बसला. वर्षापूर्वी जॉन्सन यांना झिडकारणारे मतदार हेच. दक्षिणेतील हिंसेची त्यांना चीड होती, पण समान मताधिकार स्वतःच्या दारात नको होता.

नोव्हेंबरमध्ये न्यायविषयक समितीने पाच विरुद्ध चार मतांनी महाभियोगाची शिफारस केली. जॉन्सन यांच्या धोरणांचे एकूण दुष्परिणाम असा तिचा आधार होता. ७ डिसेंबरला प्रतिनिधीगृहात ५७ मते बाजूने, १०८ विरोधात पडली. रिपब्लिकनांचे प्रचंड बहुमत असूनही! ठोस कायदा मोडल्याचे दाखवा, एवढेच अनेकांचे म्हणणे होते. दहा आठवड्यांनी जॉन्सन यांनी ते स्वतःच दाखवून दिले.

महाभियोग म्हणजे हकालपट्टी नव्हे?

इथे एक गल्लत दूर केलेली बरी. महाभियोग मंजूर होणे म्हणजे पद जाणे नव्हे. प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोपपत्र ठेवते. खटला सिनेटपुढे चालतो आणि दोषी ठरवायला उपस्थित सदस्यांची दोन तृतीयांश मते लागतात. देशद्रोह, लाचखोरी आणि तशाच स्वरूपाचे इतर गंभीर गुन्हे व गैरवर्तन ही राज्यघटनेने दिलेली कारणे आहेत. कारभार आवडत नाही, हे कारण त्यात नाही. त्या काळात प्रतिनिधीगृह लोकांनी निवडलेले असे, तर सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत. सिनेटची थेट निवडणूक १९१३ च्या घटनादुरुस्तीनंतर आली. म्हणजे मतदारांचा हात आरोपापर्यंत पोहोचत होता, निकालापर्यंत नाही. (भारतात राष्ट्रपतींवरील महाभियोगाची तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ६१ मध्ये आहे. संविधानाचा भंग हे एकच कारण आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांची अट. तिचा वापर आजवर झालेला नाही.)

फेब्रुवारी १८६८ मध्ये काय घडले?

२१ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सन यांनी स्टँटन यांना बडतर्फ केले आणि लोरेन्झो थॉमस या वयस्कर जनरलला त्यांच्या जागी नेमले. स्टँटन यांनी कार्यालय सोडायलाच नकार दिला आणि दार लावून आत ठाण मांडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी थॉमस यांना अटक करवली. जामिनावर सुटून थॉमस पुन्हा खुर्ची मागायला आले. आपण सकाळपासून काही खाल्ले-प्यायले नाही, अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा स्टँटन यांनी व्हिस्कीची बाटली मागवली आणि दोघा दावेदारांनी ती वाटून घेतली म्हणतात. बाहेर मात्र देश पुन्हा युद्धाच्या उंबरठ्यावर असल्याची भाषा सुरू होती.

तिसऱ्याच दिवशी, २४ फेब्रुवारीला, प्रतिनिधीगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. आरोपपत्र मागाहून लिहिले गेले. एकूण ११ कलमे. त्यांतील बहुतेक स्टँटन यांच्या बडतर्फीभोवती फिरणारी. दहावे कलम अध्यक्षांच्या दौऱ्यातील भाषणांबद्दल होते. थॅडियस स्टीव्हन्स तेव्हा इतके आजारी होते की त्यांना खुर्चीवरून उचलून आणावे लागे. पण गाभा हरवतो आहे, हे त्यांना कळत होते. अकराव्या कलमात त्यांनी पुनर्रचनेच्या अंमलबजावणीत आणलेले अडथळे कसेबसे गुंफले. मेम्फिस नाही, किनारपट्टीवरच्या जमिनी नाहीत, कृष्णवर्णीयांना दिलेले आणि मोडलेले वचन नाही. लोकांच्या संतापाची कारणे एक आणि आरोपपत्रातील कारणे दुसरीच, अशी ही अवस्था. वकिली दृष्टीने हे शहाणपणाचे वाटले असेल. प्रत्यक्षात खटल्याचा पाया त्यामुळे अरुंद झाला.

खटल्यात दुवा कुठे निखळला?

प्रेक्षक सज्जासाठी छापील तिकिटे निघाली आणि ती मिळवण्यासाठी वॉशिंग्टनमधील प्रतिष्ठितांची झुंबड उडाली. जॉन्सन एकदाही सिनेटमध्ये आले नाहीत. तोंड बंद ठेवा, हा वकिलांचा सल्ला त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ऐकला. त्यांच्या वकिलांत बेंजामिन कर्टिस होते. सर्वोच्च न्यायालयाच्या कुप्रसिद्ध ड्रेड स्कॉट निकालात कृष्णवर्णीयांच्या नागरिकत्वाच्या बाजूने विरोधी मत नोंदवणारे तेच न्यायमूर्ती. त्यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले. कायद्यानुसार मंत्र्याला संरक्षण होते ते त्याला नेमणाऱ्या अध्यक्षाच्या मुदतीपुरते आणि त्यानंतर एक महिना. स्टँटन यांना नेमले होते लिंकन यांनी. मग जॉन्सन यांनी मोडला तो कायदा त्यांना लागू तरी होता का? आणि कायदा घटनाबाह्य वाटत असेल तर न्यायालयात त्याची परीक्षा व्हावी म्हणून तो मोडणे हा गुन्हा का ठरावा?

न्यायनिवाड्यासाठी बसलेल्या सिनेटर्सकडे पाहिले तरी परिस्थितीचे विचित्र रूप लक्षात येते. टेनेसीचे डेव्हिड पॅटरसन हे आरोपीचे जावई. ओहायोचे बेंजामिन वेड हे सिनेटचे हंगामी अध्यक्ष. उपाध्यक्षपद रिकामे असल्याने जॉन्सन गेले की तेच अध्यक्ष होणार. दोघांनीही मतदान केले. वेड यांचे जहाल विचार, विशेषतः स्त्रियांना मताधिकार द्यावा हे मत, अनेक मवाळ रिपब्लिकनांना पचत नव्हते. शिवाय ओहायोचे नवे विधिमंडळ त्यांना पुन्हा सिनेटवर पाठवणार नव्हते. स्वतःच्या राज्याने नाकारलेला माणूस देशाचा अध्यक्ष? जॉन्सन नको, पण वेड तर नकोच, असा हिशेब बऱ्याच जणांच्या मनात होता.

याच दिवसांत मतदारांचा दबाव शिगेला पोहोचला. कॅन्ससचे तरुण सिनेटर एडमंड रॉस यांचे मत कोणाला कळत नव्हते. अध्यक्षांना दोषी ठरवावे, अशी राज्याची मागणी आहे, अशा आशयाची तार हजारभर लोकांच्या नावाने त्यांना आली. आपण निःपक्षपाती न्यायाची शपथ घेतली आहे, असे त्यांनी कळवले. हा पेच खरा आहे. एरवी सिनेटर लोकांचा प्रतिनिधी असतो. खटल्यापुरती त्याने वेगळी शपथ घेतलेली असते. न्यायाधीशाने तारा मोजून निकाल द्यावा, असे रॉस यांना तार करणाऱ्यांनाही स्वतःवरच्या खटल्यात चालले नसते. दुसरीकडे, रॉस यांना निव्वळ तत्त्वनिष्ठ ठरवणेही धाडसाचे आहे. जॉन एफ. केनेडी यांच्या १९५६ च्या पुस्तकाने त्यांना वीर बनवले; पण निकालानंतर काही दिवसांतच त्यांनी अध्यक्षांकडे आपल्या माणसांसाठी नेमणुका मागायला सुरुवात केली होती. लाच दिल्याच्या संशयावरून चौकशीही झाली, हाती ठोस काही लागले नाही.

इलिनॉयचे लायमन ट्रम्बुल यांचा युक्तिवाद अधिक वजनदार होता. नागरी हक्कांचे विधेयक लिहिणारे तेच होते; जॉन्सन यांच्याविषयी त्यांना प्रेम असण्याचे कारण नव्हते. पण सभागृहातील बहुमताशी मतभेद झाले म्हणून आज एक अध्यक्ष गेला, तर उद्या कोणताही अध्यक्ष सुरक्षित राहणार नाही, असे त्यांना वाटत होते.

१६ मे रोजी अकराव्या कलमावर मतदान झाले. पक्षाघाताचा झटका आलेले आयोवाचे जेम्स ग्राइम्स यांना उचलून सभागृहात आणले गेले. ५४ सिनेटर, दोषी ठरवायला ३६ मते हवी. पडली ३५. विरोधात १९ : अध्यक्षांचे पाठीराखे १२ आणि फुटलेले रिपब्लिकन सात. कामकाज दहा दिवस तहकूब झाले. या काळात रिपब्लिकनांच्या शिकागो अधिवेशनाने ग्रँट यांना उमेदवारी दिली, फुटीरांवर दडपण आणले गेले. २६ मे रोजी आणखी दोन कलमांवर मतदान झाले, आकडे तेच. स्टँटन यांनी त्याच दिवशी कार्यालय सोडले.

मत नव्हते ते कुठे होते?

या खटल्याचा सर्वाधिक परिणाम ज्यांच्या जगण्यावर होणार होता, त्यांचा सिनेटमध्ये एकही प्रतिनिधी नव्हता. दक्षिणेतील दहा राज्यांच्या जागा रिकाम्या होत्या. तिथे नव्याने नोंदलेल्या कृष्णवर्णीय मतदारांनी घटना समित्या निवडल्या होत्या, नवी सरकारे आकाराला येत होती. जून-जुलै १८६८ मध्ये, म्हणजे निकालानंतर महिना-दोन महिन्यांत, त्यांपैकी सहा राज्ये काँग्रेसमध्ये परतली आणि त्यांचे सिनेटर बहुतेक सगळे रिपब्लिकन होते. खटला उन्हाळ्यानंतर चालला असता तर त्या एका मताचे गणित निराळे असते.

महाराष्ट्रातही त्या लढ्याचे पडसाद उमटले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्या सज्जनांपैकी स्टीव्हन्स तोवर हयात नव्हते आणि दक्षिणेत नवी सरकारे हिंसेपुढे एकेक करून कोसळू लागली होती.

निकालाने काय साधले?

जॉन्सन वाचले, पण थोडे नरमलेही. खटला सुरू असतानाच त्यांनी युद्धमंत्रिपदासाठी मवाळ रिपब्लिकनांना चालणारे जनरल स्कोफिल्ड यांचे नाव पाठवले होते आणि लष्कराच्या कामात ढवळाढवळ कमी केली. जुलैमध्ये डेमोक्रॅटांची उमेदवारी मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. ती होरेशिओ सेमूर यांना मिळाली. नोव्हेंबरमध्ये ग्रँट सुमारे तीन लाखांच्या मताधिक्याने निवडून आले. दक्षिणेत अध्यक्षपदासाठी पहिल्यांदाच मतदान करणाऱ्या कृष्णवर्णीयांची मते या आधिक्याहून जास्त होती, असे मानले जाते. गंमत अशी, की महाभियोगाचा पहिला आग्रह धरणारे अ‍ॅशली याच निवडणुकीत आपली जागा गमावून बसले.

ज्या कायद्यावरून हे सारे घडले तो १८८७ मध्ये रद्द झाला. १९२६ मध्ये एका दुसऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसले निर्बंध घटनेला धरून नव्हते, असे म्हटले. जॉन्सन यांची कायदेशीर बाजू अशी उशिरा का होईना उचलली गेली. त्यांच्या धोरणांची बाजू मात्र आज इतिहासकारांत फारसे कोणी घेत नाही. जॉन्सन यांच्यानंतर क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्ये आणि ट्रम्प यांच्यावर २०१९ व २०२१ मध्ये महाभियोग मंजूर झाला. सिनेटने दोषी कोणालाच ठरवले नाही. निक्सन १९७४ मध्ये त्याआधीच राजीनामा देऊन गेले.

पुन्हा मतदारांच्या दारात...

४ मार्च १८६९ रोजी जॉन्सन ग्रँट यांच्या शपथविधीला गेले नाहीत. ग्रीनव्हिलला परतले आणि लगेच पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागले. त्याच वर्षी सिनेटची जागा विधिमंडळात थोडक्यात हुकली. १८७२ मध्ये प्रतिनिधीगृहाची जागा होती. संपूर्ण टेनेसी राज्य हाच मतदारसंघ, थेट लोकांचे मतदान. कृष्णवर्णीय पुरुषांना या राज्यात १८६७ मध्येच मताधिकार मिळाला होता, त्यामुळे तेही मतदार होते. रिपब्लिकन होरेस मेनार्ड जिंकले, बंडखोर सैन्यातील जनरल बेंजामिन चीटहॅम दुसरे आले. जॉन्सन तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

तीन वर्षांनी, जानेवारी १८७५ मध्ये, टेनेसीच्या विधिमंडळाने पन्नासहून अधिक फेऱ्यांनंतर त्यांना सिनेटवर निवडले. मार्चमध्ये त्यांनी शपथ घेतली. सिनेटमध्ये परतलेले ते एकमेव माजी अध्यक्ष. त्यांना दोषी ठरवणारे काही जण अजून त्याच सभागृहात होते. तिथे त्यांनी एकच मोठे भाषण केले, तेही ग्रँट यांच्या दक्षिणेतील लष्करी हस्तक्षेपाविरुद्ध. ३१ जुलै १८७५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह राष्ट्रध्वजात गुंडाळून, राज्यघटनेची प्रत डोक्याखाली ठेवून ग्रीनव्हिलच्या टेकडीवर त्यांना पुरण्यात आले.